दोन टर्बोंची जोडी आणि दाबाचा सांडवा

शाळेच्या स्मरणिकेत साधारणतः आठवणी, मनोगते आणि देणगीदारांची नावे असतात. तिथे आम्ही मोटारीच्या इंजिनाविषयी लिहीत आहोत, याचे काही वाचकांना नवल वाटेल; आणि इतिहास शिकविणाऱ्याने यंत्राविषयी लिहावे, याचे तर अधिकच. कारण साधे आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली बरीच मुले आज इंजिनाच्या आसपास आपले पोट भरतात. कोणी वाशिम-रिसोडच्या गॅरेजात आहे, कोणी सोयाबीनच्या हंगामात हार्वेस्टरवर असतो, कोणी चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत. स्नेहमेळाव्यासाठी ती रिठदला येतात, तेव्हा घरादाराची विचारपूस झाल्यावर त्यांच्यातली चर्चा हमखास एका शब्दावर येऊन थांबते. तो शब्द म्हणजे बूस्ट. कोणाच्या गाडीचा किती, कोणी किती वाढविला, दोन टर्बो बसविले तर आणखी किती मिळेल. या चर्चेत आकडे पुष्कळ असतात, पण आकड्यांमागची कारणे फार थोड्यांच्या तोंडी असतात. ती कारणे आम्ही पुस्तकांतून आणि या मुलांकडूनच जशी समजून घेतली, तशी येथे मांडतो.

चूल पेटत नसली की आपल्या घरातील बाई फुंकणी हाती घेते. लाकूड तेच असते, चूल तीच असते; वाढते ती केवळ हवा. इंजिनाचेही तसेच आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणून इंजिनाची ताकद किती इंधन ओतले यावर नव्हे, तर किती हवा आत घेता आली यावर ठरते. सिलिंडरचे आकारमान ठरलेले असते; त्यात अधिक हवा कोंबायची तर ती दाबूनच भरावी लागते. हे दाबणे म्हणजे बूस्ट. दाबण्यासाठी लागणारी शक्ती कोठून आणावी, याचे उत्तर आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ सालच्या आपल्या पेटंटात दिले. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या तप्त वायूच्या मार्गात एक चाक ठेवायचे, त्याच्याच दांड्यावर दुसरे चाक बसवायचे. पहिले वायूने फिरते आणि दुसरे बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबते. मोटारीच्या टर्बोतील हा दांडा मिनिटाला एक ते दोन लाख फेरे घेतो, आणि तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत घेतो.

इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. टर्बोच्या आरंभीच्या मोठ्या प्रयोगांपैकी एक ताकद वाढविण्यासाठी नव्हे, तर गेलेली ताकद परत मिळविण्यासाठी झाला. पहिल्या महायुद्धात विमाने उंचावर गेली की विरळ हवेमुळे त्यांची इंजिने दुबळी होत. १९१८ साली सॅनफर्ड मॉस यांनी अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर इंजिन नेले आणि टर्बोच्या साहाय्याने तिथे त्याचे बळ टिकवून दाखविले. जमिनीवरील मोटारीत आपण याच्या पुढे जातो. निसर्गाने दिलेल्या दाबावर आणखी दाब चढवितो. म्हणून मोजमापाची भाषा आधी नीट समजली पाहिजे. समुद्रकाठी हवेचा दाब साधारण १,०१३ मिलिबार असतो. वाशिम परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्याने येथे तो ९५० च्या जवळ भरतो. डॅशबोर्डवरील साध्या गेजचा शून्य म्हणजे हा भोवतालचा दाब. गेजवर १ बार दिसतो तेव्हा इंजिनात जाणारा खरा दाब जवळजवळ २ बार असतो. कोण गेजचा आकडा सांगतो आहे आणि कोण निरपेक्ष दाबाचा, हे न विचारता केलेली तुलना निरर्थक होय.

आता उष्णतेकडे वळू, कारण सारे अनर्थ तेथूनच सुरू होतात. सायकलच्या पंपाने चाकात हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे आपल्या पाचवीच्या मुलालाही ठाऊक असते. वैशाखात आपल्याकडे पारा ४२ अंशांवर जातो. ती हवा दाबून दुप्पट दाबाची केली आणि दाबणाऱ्या चाकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर गणिताने तिचे तापमान १४० अंशांच्या घरात जाते. गरम हवा फुगते, हेही आपण जाणतो. परिणाम असा, की गेज दुप्पट दाब दाखवीत असताना प्रत्यक्ष हवा केवळ दीडपट आत गेलेली असते. हीच हवा इंटरकूलरमधून नेऊन ६० अंशांपर्यंत थंड केली, तर दाब तोच राहूनही हवा जवळपास १.९ पट होते. म्हणजे गेजचा काटा जराही न हलवता केवळ थंडाव्याने बरेच मिळविता येते. बूस्ट वाढविण्यासाठी धडपडणाऱ्या तरुणांना आम्ही हे गणित फळ्यावर करून दाखवितो, तेव्हा काही जण गप्प होतात आणि काही जण इंटरकूलरची किंमत विचारतात. दुसऱ्या गटाविषयी आम्हाला विशेष आशा वाटते.

पेट्रोल इंजिनात तप्त आणि दाबलेल्या मिश्रणाचा धोका असा, की ठिणगीने सुरू झालेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण आपोआप भडकते. मेकॅनिक यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर हातोड्याचे घाव बसावेत तसा तो प्रकार असतो. चार-दोन घाव इंजिन सोसते, पूर्ण जोरात सतत बसले तर पिस्टनच्या कडा तुटतात. यावर उपाय म्हणून ठिणगी थोडी उशिरा देतात आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवितात. पूर्ण बूस्टवर १४.७ ऐवजी १२ च्या जवळपास किंवा त्याहून थोडे खाली हवेचे प्रमाण ठेवतात. जादा पेट्रोल वाफ होताना आतील उष्णता शोषून घेते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने नॉकिंगला आळा बसतो हे खरे. परंतु तेवढ्याच हवेसाठी हे इंधन अधिक मात्रेत लागते, हेही तितकेच खरे. जुन्या इंजेक्टरांना ती मात्रा झेपेल काय, हा हिशेब आधी करावयास हवा.

डिझेलचा प्रकार निराळा आहे. तिथे हवा अधिक असून बिघडत नाही. इंधन अधिक झाले की बिघडते. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात अशाच एका डिझेल पिकअपचा पिस्टन ठेवला आहे. एका माजी विद्यार्थ्याने तो आणून दिला. मालकाने ताकद वाढवून घेण्यासाठी कोणाकडून तरी इंजिनाच्या संगणकात नवा मॅप भरून घेतला होता. काळा धूर निघू लागला तेव्हा ती ताकदीची खूण समजली गेली. पिस्टनच्या माथ्याचा एक भाग मेणासारखा ओघळलेला आहे. गाडी कर्जाची होती, आणि हंगामाच्या ऐन दिवसांत ती दीड महिना उभी राहिली. नववीचे विद्यार्थी तो पिस्टन हातात घेऊन पाहतात, तेव्हा ॲल्युमिनिअमचा द्रवणांक त्यांना पाठ करावा लागत नाही.

बूस्टची व्यवस्था म्हणजे प्रामुख्याने दाब सोडून देण्याची व्यवस्था होय. एकबुर्जीच्या धरणाला भिंत आहे तसा सांडवाही आहे. सांडव्याविना भिंत ही संकटाची तयारी ठरेल. टर्बोचा सांडवा म्हणजे वेस्टगेट. तप्त वायूचा काही भाग चाकावर न जाता बाजूने निघून जावा म्हणून ठेवलेले ते एक झडपेचे दार असते. त्याला लागून ऍक्च्युएटर असतो: आत पडदा, पडद्यामागे स्प्रिंग, आणि एक बारीक नळी, जिच्यातून बूस्टचा दाब पडद्यावर येतो. स्प्रिंग समजा अर्ध्या बारची असेल, तर दाब तेथवर चढताच पडदा सरकतो, दार उघडते आणि चाकाचा वेग आटोक्यात राहतो. स्प्रिंगने ठरविलेल्या या दाबापेक्षा कमी बूस्टवर इंजिन पूर्ण जोरात चालविता येत नाही, म्हणून स्प्रिंगची निवड ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची निवड असते. अधिक बूस्ट हवा असल्यास त्या नळीत विजेवर चालणारी एक छोटी झडप बसवितात. ती दाबाचा थोडा भाग बाहेर सोडते. पडद्याला वाटते दाब कमी आहे, दार उशिरा उघडते आणि बूस्ट चढतो. पडद्याची ही फसवणूक किती करायची, हे संगणक सेकंदाला अनेकदा ठरवितो.

येथे एक बारकावा आहे आणि तो आम्ही मुद्दाम सावकाश सांगतो. ती बारीक नळी निसटली, तडकली किंवा उष्णतेने वितळली, तर पडद्यापर्यंत दाब पोहोचतच नाही. दार बंदच राहते आणि बूस्ट अनिर्बंध वाढतो. दहा-वीस रुपयांच्या क्लिपवर सारे इंजिन अवलंबून असते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. दुसरा प्रकार सांडवाच अपुरा असण्याचा. दार पूर्ण उघडले आहे, तरी वायू इतका येतो की त्यातून निघून जात नाही; मग फेरे वाढतील तसा बूस्टही हळूहळू चढत जातो. मोठा सायलेन्सर बसविलेल्या गाड्यांत हे पुष्कळदा घडते, कारण मागचा अडथळा गेल्यामुळे टर्बोवरचा वायूचा जोर वाढतो. अशा वेळी झडपेशी कितीही खेळले तरी उपयोग नाही. दाराचे तोंडच मोठे करावे लागते.

मग दोन टर्बो कशासाठी? एक मोठा टर्बो पुष्कळ हवा देतो, पण त्याचे जड चाक वेग घ्यायला वेळ लावते; पाय दाबला तरी गाडी क्षणभर विचार करीत राहते. एकाच घडणीच्या चाकाचा व्यास निम्मा केला तर त्याचे फिरण्याचे जडत्व बत्तिसाव्या भागावर येते. लहान चाक अधिक वेगाने फिरवावे लागत असल्याने सारा फायदा पदरात पडत नाही, तरी जो पडतो तो पुरेसा असतो. रेनो कंपनीने १९७७ साली फॉर्म्युला वन शर्यतीत टर्बोची पहिली मोटार उतरविली, तेव्हा या विलंबाने तिचे चालक हैराण झाले. १९७९ साली त्यांनी व्ही आकाराच्या इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक लहान टर्बो दिला, आणि त्याच वर्षी दिजाँ येथे टर्बो इंजिनाचा पहिला विजय नोंदविला गेला.

या रचनेत दोन टर्बो एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखे असतात. दोघेही अर्ध्या-अर्ध्या सिलिंडरांच्या वायूवर फिरतात आणि दाबलेली हवा एकाच नळीत सोडतात. शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, की एक बैल मागे पडला तर तास वाकडे जाते आणि पुढच्या बैलाचा खांदा सोलतो. एका ऍक्च्युएटरचा दांडा दुसऱ्यापेक्षा दोन आटे अधिक ताणलेला असेल, तर त्याचे दार उशिरा उघडते, तो टर्बो अधिक पळतो आणि दुसऱ्याच्या तोंडावर उलटा दाब येतो. दुबळ्या चाकातून हवा मागे फिरू लागते. फडफड असा आवाज येतो. काही हौशी लोकांना तो आवाज आवडतो, तेलावर तरंगणाऱ्या त्या दांड्याला मात्र तो आवडत नाही. गेज तर एकत्रित दाब दाखविते, त्यात हा बिघाड दिसत नाही. म्हणून दोन्ही ऍक्च्युएटर हातपंपाने एकेक करून तपासावेत. दोन्ही दारे एकाच दाबावर हलू लागली पाहिजेत. दोघांनाही दाबाची खबर एकाच ठिकाणाहून, सारख्या लांबीच्या नळ्यांतून मिळाली पाहिजे.

दुसरी रचना क्रमाने चालणाऱ्या जोडीची. १९९३ च्या टोयोटा सुप्रामध्ये कमी फेऱ्यांवर एकच टर्बो काम करीत असे. सुमारे ४,००० फेऱ्यांच्या आसपास दुसरा, आधी थोडा फिरवून घेतलेला, त्याच्या मदतीला येई. ही सोबत घडवून आणण्यासाठी अनेक झडपा आणि नळ्यांचे जाळे लागते. माझदा आरएक्स-७ चे ते जाळे तर मेकॅनिकांत कुप्रसिद्ध आहे. दुसरा टर्बो सामील होताना बूस्ट क्षणभर पडला किंवा उसळला, तर दोष बहुधा या जाळ्यातल्या एखाद्या कडक झालेल्या रबरी नळीत असतो. तिसरा प्रकार डिझेलचा: मर्सिडीजच्या चार सिलिंडरी इंजिनात एक लहान आणि एक मोठा टर्बो एकामागोमाग ठेवलेला असे, आणि त्या इंजिनाच्या मोटारी चाकणच्या कारखान्यात जोडल्या गेल्या. आपल्या मुलांपैकी कोणास जोडीचे टर्बो जवळून पाहायला मिळाले असतील, तर ते बहुधा अशाच गाड्यांत.

बदल केलेल्या इंजिनावर काम करताना क्रमाला फार महत्त्व आहे. आरंभ गळती शोधण्यापासून करावा. हवा आत घेणारे तोंड बंद करून आत थोडा दाब द्यावा आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावावे. सायकलचे पंक्चर ज्याने काढले आहे त्याला पुढचे सांगणे नको. गळती असली तर टर्बो तोच दाब देण्यासाठी जास्त पळतो, हवा जास्त तापते आणि गेज निर्दोष दिसते. त्यानंतर विजेची झडप बाजूला ठेवून केवळ स्प्रिंगच्या दाबावर गाडी चालवावी आणि इंधनाचे प्रमाण, हवेचे तापमान, नॉकिंग व धुराड्याची उष्णता यांची नोंद घ्यावी. ही नोंद समाधानकारक असेल तरच पुढे जावे, तेही एका वेळी दशांश बारने. ठिणगीच्या प्लगमधील अंतर कमी करावे, कारण दाट मिश्रणात ठिणगी उडणे अवघड जाते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बूस्ट कमी ठेवावा; टायर जी ताकद रस्त्याला देऊ शकत नाही, ती निर्माण करण्यात अर्थ नाही.

पुष्कळ मूळ गाड्यांत दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की संगणक इंधन तोडतो. गाडीला धक्का बसतो आणि मालक वैतागतो. हा धक्का बंद करण्यासाठी संवेदकाला खोटा दाब दाखविणारी साधने बाजारात मिळतात. आमच्या मते ती घेण्यापेक्षा पैसे नाल्यात टाकलेले बरे. निदान इंजिन तरी वाचेल. पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून चोरी थांबत नाही. तसेच कुलूपबंद मॅपचे. आपला मुलगा बोल्ट आवळतो, टर्बो उतरवितो-चढवितो, हात काळे करतो. आणि इंजिनाने कधी किती इंधन घ्यावे हे ठरविणारे कोष्टक मात्र दुसराच कोणी लॅपटॉपमध्ये बंद करून विकतो. श्रम एकाचे आणि ज्ञान दुसऱ्याचे, ही विभागणी आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. म्हणून आम्ही आयटीआयला जाणाऱ्या मुलांना सांगतो, की ज्या मॅपचे कोष्टक तुम्हाला उघडून दाखविले जात नाही, तो गिऱ्हाइकाच्या गाडीत भरू नका. ते कोष्टक वाचायला नववीचे गणित पुरते: आडव्या ओळीत फेरे, उभ्या ओळीत दाब आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा.

मर्यादा घातली की स्पर्धा फिकी होते, असा एक समज आहे. फॉर्म्युला वनच्या इतिहासाने तो खोडला आहे. १९८७ साली नियामकांनी प्रत्येक टर्बो इंजिनावर दाब सोडणारी झडप सक्तीची केली आणि निरपेक्ष दाबाची मर्यादा ४ बार ठेवली. १९८८ साली ती अडीच बारवर आणली आणि टर्बो मोटारींना शर्यतीसाठी केवळ १५० लिटर इंधन दिले. त्या वर्षी होंडाचे दीड लिटरचे, दोन टर्बोंचे इंजिन बसविलेल्या मॅक्लारेन मोटारींनी १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. दाब सर्व टर्बो मोटारींना सारखाच उपलब्ध होता. होंडाच्या अभियंत्यांनी हवेचे तापमान, इंधनाचे तापमान आणि ज्वलन यांचा हिशेब इतरांपेक्षा बारकाईने केला होता. पुढच्या वर्षापासून टर्बोंवर बंदीच आली.

कायद्याविषयी थोडक्यात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल केलेले वाहन नोंदणीस पात्र ठरत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात, परवानगीवाचून केलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. रिठदहून वाशिमला किंवा रिसोडला जाणाऱ्या रस्त्यांवर सुगीच्या दिवसांत दिवा नसलेल्या ट्रॉल्या, बैलगाड्या आणि शाळेतून परतणाऱ्या सायकली असतात; बूस्टची परीक्षा घेण्याची ती जागा नव्हे. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर अशा मोटारींच्या पाव मैलाच्या शर्यती भरविल्या गेल्या आहेत. ज्यांना हौस आहे त्यांनी तिथे जावे आणि जमल्यास आपली नोंदवही आम्हाला आणून दाखवावी.

घरच्या साध्या टर्बो-डिझेल गाडीसाठी, ट्रॅक्टरसाठीही, यातले एक काम रोजचे आहे. लांबून, चढ चढून किंवा ओझे ओढून आलात तर इंजिन लगेच बंद करू नका. मिनिट-दोन मिनिटे ते शांतपणे चालू द्या. इंजिन बंद होताच तेलाचा पंपही थांबतो, आणि टर्बोच्या तप्त दांड्याभोवती राहिलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो. जुन्या ट्रकचालकांना ही गोष्ट ठाऊक असते. ते गाडी चालू ठेवूनच उतरतात, टायरांवर थाप मारून हवा पाहतात आणि मग चावी फिरवितात.